चौदा महिन्यांत किती युरोप पाहावा?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका मूळच्या साताऱ्याच्या, लग्नानंतर पुण्याच्या झालेल्या. गेली साडेतीन वर्षे त्या पती आणि नऊ वर्षांच्या मुलासह जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहतात. पतीच्या नोकरीचा करार चौदा महिन्यांनी संपेल आणि कुटुंब पुण्याला परतेल. इतिहासाची ओढ त्यांना वडिलांकडून मिळाली. ते शाळेत इतिहास शिकवत आणि सुटीत मुलीला गडावर नेत. शनिवार-रविवार साधून या कुटुंबाने आजवर अकरा देश पाहिले आहेत, परंतु "फोटो पाहताना कोणते चर्च कोणत्या शहरातले, हे आम्हा दोघांनाही सांगता येत नाही," असे त्या लिहितात. पती आता थकले आहेत. पुण्यातल्या फ्लॅटचे हप्ते चालू असताना हा खर्च पुरे, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलगा 'आणखी एक चर्च नको' म्हणतो. मे महिन्यात एकाहत्तर वर्षांचे वडील आणि आई पाच आठवड्यांसाठी येत आहेत. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी दहा दिवसांत सात देश दाखवणारी बससहल घ्यावी, की स्वतः आखणी करावी, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्यांनी प्रश्न म्हणून विचारलेला नाही : "रोम, अथेन्स, पॅरिस, आउश्वित्झ अजून राहिले आहे. युरोपात राहून हे पाहिले नाही, तर इथे आलो कशाला, असे मला आयुष्यभर वाटत राहील."

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात अकरा देशांची नावे एका ओळीत आटोपली आहेत आणि अजिंक्यताऱ्याला मात्र अख्खा परिच्छेद मिळाला आहे. वडील तुम्हाला दरवाजासमोर उभे करत आणि विचारत, "तू इथली किल्लेदार असतीस, तर शत्रू कोणत्या बाजूने येईल असे धरून चालली असतीस?" उत्तर सुचेपर्यंत ते पुढची पायरी चढू देत नसत, असे तुम्ही लिहिले आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची ती वाट तुम्हाला वळणासकट आठवते आणि गेल्या वर्षीची शहरे एकमेकांत मिसळून जातात. यात तुमच्या स्मरणशक्तीचा काही दोष आहे, असे मला वाटत नाही. अजिंक्यताऱ्यावर तुम्ही एक प्रश्न घेऊन चढत होता आणि तिथे पुन्हा पुन्हा जात होता. युरोपातल्या शहरांत तुम्ही रात्रीच्या बसने पोहोचलात, दिवसभर चाललात आणि रात्रीच्या बसने परतलात. तिथे पाहायला पुष्कळ होते, पण शोधायचे असे काही ठरलेले नव्हते.

म्हणून तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीची सगळी ओढाताण त्यातून निघाली आहे. चौदा महिन्यांनंतर युरोपचे दार बंद होणार, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ते खरे आहे का, हे एकदा शांतपणे तपासून पाहा. रोम, अथेन्स आणि पॅरिस पुण्याहूनही पाहता येतात. आणखी दहा-पंधरा वर्षांनी, हप्ते फिटल्यावर आणि मुलगा मोठा झाल्यावर तुम्ही तिथे जाल, तेव्हा रोममधले प्राचीन पँथिऑन मंदिर जागेवर असेल आणि तिथे नेणाऱ्या सहल कंपन्याही असतील. पुण्याहून जे कधीच होणार नाही ते वेगळे आहे. नोव्हेंबरच्या एखाद्या ओल्या शनिवारी एका लहानशा रोमन ठाण्यात एकटीनेच दोन तास काढणे, एकच मठ हिमात आणि उन्हाळ्यात पाहणे, सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी जर्मनीत एरवी बंद असलेल्या हजारो जुन्या वास्तू लोकांसाठी उघडतात त्या दिवशी शेजारच्या गावातल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढणे, या गोष्टी तिथे राहणाऱ्यालाच शक्य आहेत. तुमची यादी पर्यटकाची आहे आणि तुमच्या हातात वेळ मात्र रहिवाशाचा आहे. माझा आग्रह असा, की या चौदा महिन्यांत रहिवाशालाच जे करता येते ते आधी करावे आणि उरलेल्या वेळात दूरचे एखादे स्थळ घ्यावे.

त्याला लागून तुमचे दुसरे गृहीतक येते : इतिहास राजधान्यांत असतो आणि आपण राहतो त्या गावात फक्त सुपरमार्केट, शाळा आणि रेल्वे स्थानक असते. पत्रात स्टुटगार्टच्या परिसरातल्या एकाही स्थळाचा उल्लेख नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले, कारण तुम्ही विलक्षण समृद्ध भूमीवर राहत आहात. तुमच्या आग्नेयेला श्वेबिश आल्ब ही चुनखडीची डोंगररांग आहे. तिथल्या आख आणि लोने या दोन नद्यांच्या खोऱ्यांतल्या सहा गुहांना २०१७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, कारण माणसाने घडवलेल्या सर्वांत जुन्या मूर्तींपैकी काही आणि सर्वांत जुन्या वाद्यांपैकी काही तिथे सापडली आहेत. ती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची आहेत. ब्लाउबॉयरेन या छोट्या गावातल्या संग्रहालयात होले फेल्स गुहेत २००८ साली मिळालेली सहा सेंटिमीटरची स्त्रीमूर्ती आहे आणि गिधाडाच्या हाडाला भोके पाडून केलेली बासरी आहे. उल्म शहराच्या संग्रहातला सिंहमानव मॅमथच्या सुळ्यातून कोरलेला आहे, उंची जेमतेम ३१ सेंटिमीटर, धड माणसाचे आणि मस्तक सिंहाचे. त्याचे तुकडे ऑगस्ट १९३९ मध्ये सापडले तेव्हा महायुद्धाला जेमतेम आठवडा उरला होता. उत्खनन आवरते घ्यावे लागले आणि ते तुकडे जुळवायला १९६९ साल उजाडले. नृसिंहाची गोष्ट ऐकत वाढलेला तुमचा मुलगा त्या मूर्तीसमोर उभा राहील तेव्हा काय विचारेल, हे मला आत्ताच जाणून घ्यावेसे वाटते. दोन्ही मूर्तींचा परस्परांशी काही संबंध नाही, हे त्याला अवश्य सांगा. पण माणूस आणि पशू एका देहात कल्पण्याची गरज दोन ठिकाणी का पडली असेल, हा प्रश्न मात्र त्याच्यापाशी राहू द्या. निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती वस्तू त्या काळात मांडलेली आहे ना, एवढे पाहून घ्या.

दुसरा धागा योहानेस केप्लरचा. ग्रहांच्या भ्रमणाचे नियम मांडणारा हा माणूस १५७१ साली वाइल देर श्टाट येथे जन्मला. त्या गावाला स्टुटगार्टहून एस-६ ही लोकल जाते आणि तीच गाडी वाटेत लेओनबेर्गला थांबते, जिथे त्याचे बालपण गेले. पुढे तो माउलब्रोनच्या मठातल्या शाळेत शिकला आणि तिथून ट्युबिंगेनच्या विद्यापीठात गेला. ११४७ साली सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी वसवलेला माउलब्रोनचा मठ आजही आपल्या तटबंदीत, आपल्या तळ्यांसह आणि कालव्यांसह उभा आहे. साधूंनी पाणी कसे अडवले, कसे फिरवले आणि मासे कुठे पाळले, हे पाहताना तुमच्या वडिलांचे चर्चकडे लक्षही जाणार नाही. आणि केप्लरच्या आईची गोष्ट आहेच. काटारिना केप्लरवर १६१५ पासून चेटकीण असल्याचे आरोप सुरू झाले, म्हातारपणी तिला चौदा महिने कैदेत ठेवले आणि त्या काळचा एक श्रेष्ठ गणिती आपले काम बाजूला ठेवून आईचा बचाव लिहीत बसला. १६२१ मध्ये ती सुटली. चार लहान गावे, लोकलचे तिकीट, सोबत डबा, आणि विज्ञान, धर्म व भीती यांचे ते सबंध शतक तुमच्यासमोर उलगडते. यातले कोणतेही ठिकाण पॅरिसपेक्षा 'मोठे' नाही. पण एका माणसाचे आयुष्य मनात धरून तुम्ही चार गावे पाहिलीत, तर ती गावे एकमेकांत मिसळणार नाहीत.

तिसरा धागा तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचा. शत्रू कुठून येईल? रोमन साम्राज्याने हाच प्रश्न तुमच्या दारापाशी विचारला होता. ऱ्हाइनपासून डॅन्यूबपर्यंत सुमारे ५५० किलोमीटर लांबीची त्यांची सरहद्द, तिला लिमेस म्हणतात, तुमच्या घरापासून रेल्वेने तासाभराच्या अंतरावरून जाते. कुठे लाकडी कुंपण आणि खंदक, कुठे दगडी भिंत, आणि एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात राहतील असे सुमारे ९०० टेहळणी मनोरे. आलेन येथे आल्प्सच्या उत्तरेकडचे सर्वांत मोठे रोमन घोडदळाचे ठाणे होते, हजारभर स्वारांचे. आज त्याच जागी लिमेसचे संग्रहालय आहे. वडिलांना तिथे न्या आणि त्यांनी तुम्हाला विचारलेला प्रश्न तुम्ही त्यांना विचारा. ते बहुधा लगेच म्हणतील, की एवढ्या बुटक्या भिंतीने मोठी फौज अडणार नाही. बरोबरच आहे. या सरहद्दीचे रोजचे काम येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणे, मालावर कर घेणे आणि लहान टोळ्यांना रोखणे हे होते. नाणेघाट चढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

हा धागा आणखी लांब जातो, आणि तुम्हाला इटलीला जायचेच असेल तर माझी सूचना याच धाग्याने जाण्याची आहे. लिमेसवर पहारे चालू होते तेव्हा आपल्याकडे सातवाहनांचा काळ होता आणि रोमशी आपला व्यापार होता. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. उलट बाजूने, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला मिळाल्या आहेत. ती मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तेव्हा रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसा अशी चार दिवसांची धावपळ करण्याऐवजी नेपल्समध्ये चार रात्री एकाच घरात राहा; एक दिवस पॉम्पेई, एक दिवस संग्रहालय, एक दिवस काहीच नाही. पॉम्पेईत आता दिवसाला २०,००० लोकांनाच प्रवेश देतात, म्हणून तिकीट आधी काढावे लागते. इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत अठरा वर्षांखालच्या मुलांना, ती कोणत्याही देशाची असोत, तिकीट नसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्वांनाच प्रवेश मोफत असतो, पण ज्येष्ठांना घेऊन त्या गर्दीत जाऊ नका.

आता आईवडिलांविषयी. तुम्ही लिहिता, "बाबांनी आयुष्यभर फ्रेंच राज्यक्रांती शिकवली आणि पॅरिस पाहिले नाही, हे मला सहन होत नाही." या वाक्यातली माया मला समजते. पण वडिलांना काय पाहायचे आहे, हे तुम्ही त्यांना विचारल्याचे पत्रात कुठेही दिसत नाही. आपल्याकडची वडीलधारी माणसे "तू दाखवशील ते" असेच म्हणतात, म्हणून प्रश्न नेमका विचारावा लागतो : शिकवताना कोणती एक जागा तुम्हाला डोळ्यांसमोर आणता येत नव्हती? कदाचित ते पॅरिसच म्हणतील. मग पॅरिसला जा, तीन रात्री राहा आणि ज्या चौकात राजाचा शिरच्छेद झाला तिथे त्यांना त्यांचा धडा घेऊ द्या. कदाचित ते असे काही सांगतील, जे तुमच्या यादीत नाही.

दहा दिवसांत सात देशांची बससहल वाईट असते, असे मी म्हणणार नाही. ज्यांना भाषेची भीती वाटते, ज्यांना वेळेवर आपले जेवण लागते, ज्यांच्याबरोबर तिकडे कोणी नाही, त्यांच्यासाठी मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि संध्याकाळी वरण-भात हा मोठा आधार असतो. ज्यांची मुले परदेशात नाहीत, अशा हजारो ज्येष्ठांनी या सहलींमुळेच युरोप पाहिला आहे. परंतु तुमच्या वडिलांची आवड पाहता कार्यक्रमपत्रिका फार काळजीपूर्वक वाचा. कुठे 'आत प्रवेश' लिहिले आहे आणि कुठे केवळ 'फोटो स्टॉप', हे वेगळे मोजा. किती रात्री एकाच हॉटेलात आहेत ते मोजा. रोज सामान बांधायचे असेल, तर गुडघेदुखीच्या माणसाला किल्ल्याच्या पायऱ्यांपेक्षा त्याचाच त्रास अधिक होतो. बसमध्ये रोज किती तास बसायचे आहे, ते लेखी मागून घ्या.

माझा स्वतःचा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी मी जर्मनीत राहत असताना माझी आई आली होती आणि मी तिला नऊ दिवसांत पाच देश दाखवले. ती एकदाही थकले म्हणाली नाही. परत गेल्यावर तिने शेजारणींना जे सांगितले ते मला नंतर कळले : माझ्या घराजवळच्या दफनभूमीविषयी. तिथे नळापाशी झाऱ्या टांगलेल्या असतात, म्हाताऱ्या बायका सकाळी येऊन आपापल्या माणसाच्या थडग्यावरच्या फुलझाडांना पाणी घालतात आणि झारी पुन्हा जागेवर लावून जातात. उरलेल्या दिवसांत ती रोज सकाळी तिथे फिरायला जात असे. मला ते ठाऊकही नव्हते. पाच देशांसाठी मी जी रजा खर्च केली, त्यातले चार दिवस मी तिच्याबरोबर त्या बाकावर बसायला हवे होते. आज ती नाही.

तुमच्यासाठी मी सुचवीन ते असे. पाच आठवड्यांतले पहिले दहा दिवस कुठेही जाऊ नका, जवळचेच दाखवा. नंतर एक मोठा प्रवास, एकाच ठिकाणी मुक्काम करून, आणि एक छोटा प्रवास ट्रिअरचा, दोन रात्रींचा. ट्रिअर मोझेल नदीकाठी आहे. रोमन सम्राट तिथे राहत असत, आणि पोर्टा निग्रा हा सुमारे इसवी सन १७० मधला नगरदरवाजा गड पाहिलेल्या माणसाने पाहिलाच पाहिजे. चुना न वापरता मोठमोठे वालुकाश्म लोखंडी पकडींनी सांधून तो रचलेला आहे. मध्ययुगात लोखंड महाग झाल्यावर लोकांनी दगड फोडून त्या पकडी काढून नेल्या. ती भोके आजही भिंतीभर दिसतात. दरवाजा तरी वाचला तो अशामुळे, की अकराव्या शतकात सिमेऑन नावाचा एक साधू त्यात राहिला आणि १०३५ मध्ये तो वारल्यावर तिथे चर्च झाले. पुढे नेपोलियनने त्या चर्चची बांधकामे पाडायला लावली आणि रोमन दरवाजा पुन्हा मोकळा केला. वडिलांचा फ्रेंच इतिहास तिथेही भेटेल. शहर सपाट आहे, बहुतेक ठिकाणे चालण्याच्या अंतरावर आहेत, बसायला जागा आहेत. फक्त जुन्या भागातल्या दगडी फरशीवर काठी आणि जाड तळाचे बूट हवेत, ते पुण्यातच वापरून मऊ करून आणायला सांगा.

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे काम मात्र आत्ताच हाती घ्या. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा मिळणे कठीण होते. मुख्य मुक्काम तुमच्याकडे असल्याने अर्ज जर्मनीकडेच करायचा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे; जुन्या दुखण्यांबाबत त्यात काय लिहिले आहे, ते वडिलांकडून नव्हे, स्वतः वाचा. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारी तिकिटे काढू नका. तुमच्या स्वतःच्या निवास परवान्यावर तुम्हाला इतर शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस फिरता येते, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही बरोबर हवीत. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागतो. शाळा चालू असताना मुलाला सहलीसाठी घरी ठेवता येणार नाही, हे तुम्ही जाणताच. त्यामुळे मोठा प्रवास पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुटीत बसवा.

मुलाने 'आणखी एक चर्च नको' म्हटले आहे, ते मत म्हणून ऐका. नऊ वर्षांच्या मुलाने साडेतीन वर्षांत इतकी चर्चे पाहिली असतील, तर त्याचे म्हणणे रास्तच आहे. दिवसाला एकच ठिकाण आणि त्या ठिकाणी त्याचे असे एक काम ठेवा : ट्रिअरला पकडींची भोके मोजणे, आलेनला घोड्यांच्या तबेल्यांची जागा शोधून आजोबांना दाखवणे. आजोबा तुम्हाला शिकवत होते तसेच त्याला शिकवतील. तुम्ही मध्ये भाषांतर करायला जाऊ नका.

आउश्वित्झ या नाझींच्या मृत्युछावणीविषयी मला थोडे थांबून बोलायचे आहे. तुमच्या यादीत ते पॅरिस आणि अथेन्सच्या ओळीत आले आहे, आणि ते तिथून काढून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांना तिथे आणू नये, असे ते स्मारकच सुचवते. पोलंडमधल्या क्राकोहून एकाच दिवसात मिठाची खाण आणि आउश्वित्झ दाखवणाऱ्या सहली मिळतात. त्या कृपया घेऊ नका. जायचे तर तुम्ही आणि तुमचे वडील जा किंवा तुम्ही एकट्या जा, प्रवेशपत्र आधी राखून ठेवा, आणि त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नका. तोपर्यंत तुमच्याच परिसरात पाहा. श्वेबिश आल्बमधल्या ग्राफेनेक येथे १९४० साली १०,६०० हून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसांना मारण्यात आले. आज तिथे स्मारक आहे आणि तिथे फारशी गर्दी नसते. स्टुटगार्टच्या पदपथांवर दहा सेंटिमीटरच्या पितळी फरश्या बसवलेल्या आहेत. त्या त्या घरातून नाझींनी नेलेल्या माणसाचे नाव, जन्मसाल आणि शेवट त्यांवर कोरलेला आहे. मुलगा त्यांतली एखादी वाचून दाखवील आणि विचारील. त्याला त्याच्या वयाला झेपेल तेवढे खरे सांगा.

तुमच्या पतींचा विरोध इतिहासाला आहे, असे मला पत्रावरून वाटले नाही. आठवडाभर काम करून पुन्हा रात्रीची बस पकडणारा माणूस थकतो. सगळ्यांनी मिळूनच सगळे पाहायचे, हा नियम तुमच्या घरात कोणी केला? महिन्यातला एक शनिवार तुमचा एकटीचा ठेवा. जर्मनीतले मासिक प्रवासी तिकीट सर्व लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालते. ब्लाउबॉयरेन, आलेन, ट्युबिंगेन त्यात सहज होते, आणि बाप-लेक घरी राहतात किंवा पोहायला जातात. मोठ्या प्रवासांसाठी दोघांनी बसून एक रक्कम ठरवा आणि हप्त्याचे पैसे त्यातून पूर्ण वगळा. रक्कम ठरली, की कुठे जायचे याचा वाद पैशांचा राहत नाही.

इतर देशांतल्या वाचकांनीही आपल्या परिसरात असे धागे शोधावेत, असे मला वाटते. उत्तर फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे पहिल्या महायुद्धात पडलेल्या, ज्यांची थडगी नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत. इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी, माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे लढता लढता पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभे आहे. वॉर्सात कोल्हापूरचे स्मारक आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश निर्वासित, त्यांत बहुतांश बायका-मुले, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले होते.

आणि तुमच्या स्वतःच्या शहराचा धागा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी भारताचा झेंडा फडकवला, तो स्टुटगार्टमध्ये. परिषद लीडरहाले या सभागृहात भरली होती. जुनी इमारत महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात नष्ट झाली. त्याच जागी १९५६ साली उभी राहिलेली नवी इमारत शहराच्या मध्यभागी आहे, तुम्ही तिच्यावरून अनेकदा गेला असाल. तो झेंडा आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. तुमच्या वडिलांनी हा प्रसंग वर्षानुवर्षे वर्गात सांगितला असेल आणि स्टुटगार्ट हे नाव फळ्यावर लिहिले असेल. या रविवारी त्यांना फोन करा आणि नातवाला त्यांच्याकडून ती हकीकत ऐकू द्या. मे महिन्यात ते आले, की विमानाचा शीण उतरल्यावर पहिल्या सकाळी, प्रवेशाचे कोणतेही तिकीट न काढता, तुम्ही, वडील आणि मुलगा असे तिघे मिळून स्टुटगार्टच्या लीडरहालेपर्यंत जा.